राज्याचे कायदे आणि महाधिवक्ता : कोर्टातल्या बचावाची पार्श्वभूमी

मराठा आरक्षणाच्या सुनावणीची बातमी आली की ‘राज्य सरकारच्या वतीने महाधिवक्त्यांनी युक्तिवाद केला’ हे वाक्य तिच्यात हमखास असते. निकाल विरोधात गेला तर ‘सरकारने बाजू नीट मांडली नाही’ हा आरोपही ठरलेला. पण जुने खटले उघडून पाहिले की जाणवते, वकील बोलायला उभा राहतो तेव्हा त्याच्या हातात काय असणार हे बरेचसे आधीच ठरून गेलेले असते. कायदा करताना मंत्रालयात जी फाईल तयार झाली, तिच्यावरच त्याला लढावे लागते.

महाधिवक्ता (इंग्रजीत अॅडव्होकेट जनरल) म्हणजे राज्य सरकारचा मुख्य कायदा सल्लागार आणि वकील. पद जुने आहे. मुंबईत कंपनी सरकारच्या काळापासून अॅडव्होकेट जनरल होता. १९३५ च्या गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया अॅक्टने प्रत्येक प्रांतासाठी तो नेमण्याची तरतूद केली. मोतीलाल सेटलवाड १९३७ ते १९४२ या काळात मुंबई प्रांताचे अॅडव्होकेट जनरल होते. पुढे तेच स्वतंत्र भारताचे पहिले अॅटर्नी जनरल, म्हणजे केंद्र सरकारचे मुख्य वकील, झाले. संविधानाच्या अनुच्छेद १६५ नुसार महाधिवक्त्याची नेमणूक राज्यपाल करतात. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची पात्रता त्याच्याकडे असावी लागते आणि राज्यपालांची मर्जी असेपर्यंत तो पदावर राहतो. अनुच्छेद १७७ ने त्याला विधिमंडळात येऊन बोलण्याचाही हक्क दिला आहे, मत मात्र देता येत नाही.

त्याच्या जोडीला सरकारी वकील आणि सहायक सरकारी वकिलांची फौज असते. एखाद्या कायद्याला आव्हान मिळाले की याचिकेची प्रत संबंधित खात्यात जाते. तिथला अधिकारी याचिकेतल्या एकेका परिच्छेदावर अभिप्राय लिहितो. कोर्टाच्या आवारात त्यांना ‘पॅरावाइज रिमार्क्स’ म्हणतात. त्यावरून सरकारी वकील प्रतिज्ञापत्राचा मसुदा करतो. अभिप्राय उशिरा आले किंवा मोघम आले, तर मसुदाही तसाच होतो आणि मग तारीख मागून घ्यावी लागते. हे काम कुणाला दिसत नाही, पण बचावाचा पाया तेच आहे.

सुरुवातीची मोठी सवलत सरकारी पक्षाला कोर्टानेच दिलेली आहे, आणि तिचा संबंध सोलापूरशी आहे. १९५० मध्ये सोलापूरची बंद पडलेली कापड गिरणी केंद्र सरकारने खास अध्यादेश काढून आणि पाठोपाठ कायदा करून ताब्यात घेतली. चिरंजीतलाल चौधरी या भागधारकाने त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैधच आहे असे गृहीत धरले आणि तो घटनाबाह्य असल्याचे दाखवण्याचा भार आव्हान देणाऱ्यावर टाकला. कायदा केंद्राचा होता, पण हे गृहीतक तेव्हापासून राज्यांचे वकीलही पहिल्याच दमात मांडतात.

मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यावरचा बलसारा खटला त्याच सुमाराचा. याचिकाकर्त्याला व्हिस्की, ब्रँडी तर हवी होतीच, पण ओ-द-कोलोन आणि अल्कोहोल असलेली औषधेही बाळगायची होती. उच्च न्यायालयाने कायद्याच्या बऱ्याच तरतुदी रद्द केल्या. २५ मे १९५१ ला सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा मोठा भाग टिकवला. औषधे आणि प्रसाधनांना लागू होणाऱ्या तरतुदी मात्र गेल्या. ‘सदोष भाग वेगळा काढा, बाकीचा कायदा राहू द्या’ हा युक्तिवाद सरकारी वकिलांना आजही उपयोगी पडतो.

या परंपरेत सर्वांत उंच नाव होरमसजी सीरवई यांचे. १९५७ ते १९७४ एवढा दीर्घ काळ ते मुंबई राज्याचे, पुढे महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते. केशवानंद भारती खटल्यात ते केरळ सरकारतर्फे उभे राहिले, समोर नानी पालखीवाला. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा नाही, ही त्यांची भूमिका २४ एप्रिल १९७३ ला ७ विरुद्ध ६ मतांनी फेटाळली गेली. संविधानाची मूलभूत चौकट संसदेला दुरुस्तीनेही मोडता येत नाही, असे त्या निकालाने ठरले. आणीबाणीनंतर त्यांनी आपल्या ग्रंथात या मूलभूत चौकटीच्या बाजूने मत दिले. सरकारचा वकील असूनही माणूस स्वतःची बुद्धी गहाण टाकत नाही, याचे माझ्या लेखी याहून मोठे उदाहरण नाही.

फाईलच कमकुवत असेल तर काय होते, ते डान्सबार बंदीत दिसले. २००५ च्या दुरुस्तीने मुंबई पोलीस कायद्यात लागोपाठ दोन कलमे आली. ३३-अ ने उपाहारगृहे आणि बारमधला नाच बंद केला, तर ३३-ब ने तीन तारांकित व त्यावरच्या हॉटेलांना आणि जिमखान्यांना सूट दिली. तोच नाच एका ठिकाणी स्त्रीच्या प्रतिष्ठेला बाधक आणि दुसऱ्या ठिकाणी चालेल, याचे उत्तर कोणत्या वकिलाने कुठून द्यायचे? हा प्रश्न मसुदा लिहितानाच कुणीतरी विचारायला हवा होता. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली आणि जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. सरकारने २०१६ मध्ये नवा कायदा केला, पण जानेवारी २०१९ मध्ये त्यातल्याही अनेक अटी गेल्या.

मराठा आरक्षणात फाईल जाड होती. २०१८ च्या कायद्यामागे गायकवाड आयोगाचा, म्हणजे राज्य मागासवर्ग आयोगाचा, अहवाल होता. जून २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तो स्वीकारला, मात्र १६ टक्क्यांवरून आरक्षण शिक्षणात १२ आणि नोकऱ्यांत १३ टक्क्यांवर आणले. ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने कायदा रद्द केला. एकूण आरक्षणावरची ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडण्याजोगी असाधारण परिस्थिती अहवालातून दिसत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. १०२ व्या घटनादुरुस्तीने मागास वर्ग ठरवण्याचा राज्याचा अधिकार गेला, असेही बहुमताने ठरले. तो अधिकार परत द्यायला त्याच वर्षी १०५ वी दुरुस्ती करावी लागली.

त्यानंतरचा १० टक्क्यांचा कायदा २० फेब्रुवारी २०२४ ला मंजूर झाला. त्याचा आधार असलेले राज्यव्यापी सर्वेक्षण जानेवारीच्या अखेरच्या आठवड्यात सुरू होऊन फेब्रुवारीच्या पहिल्या दिवसांत संपले होते. या कायद्यालाही उच्च न्यायालयात आव्हान मिळाले आणि महाधिवक्त्यांना पुन्हा ५० टक्क्यांच्या त्याच प्रश्नाला सामोरे जावे लागले. यावेळी त्यांच्या हातात राज्य मागासवर्ग आयोगाचा, म्हणजे शुक्रे आयोगाचा, अहवाल आणि त्या काही दिवसांत घरोघरी फिरून जमवलेली माहिती आहे.