संशोधन प्रयोगशाळेसाठी घातक कचऱ्याचं अधिकारपत्र: अर्ज कोणी, कसा करायचा

"ते कारखान्यांसाठी असतं, आमच्या चार खोल्यांच्या लॅबला कशाला?" हा प्रश्न हमखास येतो. पण घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६ कारखाना की कॉलेज हे बघत नाहीत. वापरलेली सॉल्व्हंट (विद्रावक द्रव), रसायनांनी माखलेले रिकामे डबे असा नियमांच्या अनुसूचीतला, म्हणजे जोडलेल्या यादीतला, कचरा तुमच्याकडे तयार होत असेल, तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अधिकारपत्र लागतं. अर्ज एकेका विभागाने करायचा नसतो. संस्थेचा कारभार ज्याच्या हाती आहे त्याने करायचा.

रक्त, ऊती, जंतूंचे कल्चर, प्राणिगृहातला कचरा या नियमांत येत नाही. त्यासाठी जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ खाली नमुना २ मध्ये वेगळा अर्ज असतो. किरणोत्सारी कचऱ्याचा कायदाही निराळा.

घातक कचऱ्याचा अर्ज नमुना १ मध्ये करतात, महाराष्ट्रात मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवरून. सोबत जल कायदा १९७४ आणि वायू कायदा १९८१ खालच्या संमतीपत्रांच्या प्रती जोडायच्या. नूतनीकरण असेल, तर आधीच्या अटी पाळल्याचा स्वयंप्रमाणित अहवालही. कचरा शेवटी जाणार कुठे, हेही लिहावं लागतं. त्यामुळे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणच्या सामाईक प्रक्रिया केंद्राशी (अनेकांचा घातक कचरा एकत्र घेऊन त्याची विल्हेवाट लावणारं केंद्र) बोलणी आधीच करून ठेवा.

खरी मेहनत एकाच रकान्यात आहे: कोणता कचरा, वर्षाला किती. इथे बहुतेक जण अंदाजाने आकडा ठोकतात, आणि पुढची पाच वर्षं तोच आकडा मानगुटीवर बसतो. माझं मत असं की अर्ज उघडण्याआधी तीन महिने प्रत्येक बाटली वजन करून वहीत नोंदवावी. नोंदवताना लक्षात येतं की बराचसा कचरा मुळात 'कचरा' नसतो. स्वस्त पडते म्हणून आणलेली मोठी बाटली मुदत संपून तशीच पडलेली असते. नियम ४ चा क्रमही हेच सांगतो: आधी कचरा होऊच न देणं, मग कमी करणं, पुनर्वापर, पुनर्चक्रण, आणि विल्हेवाट सगळ्यात शेवटी. संस्थेचा रसायनसाठा एकत्र यादीत आणा, काच धुवायला क्रोमिक आम्लाऐवजी डिटर्जंट वापरा, पाऱ्याचे थर्मामीटर बदला, ॲसिटोनसारखी धुण्याची सॉल्व्हंट ऊर्ध्वपातन करून (उकळून, वाफ थंड करून शुद्ध करून) पुन्हा वापरा. मग आकडा भरा.

क्लोरिनयुक्त आणि क्लोरिनविरहित सॉल्व्हंट वेगळ्या कॅनमध्ये ठेवा. एकदा मिसळली की सगळाच कॅन महागात जातो. नायट्रिक आम्लाच्या बाटलीत सॉल्व्हंट ओतू नका, स्फोट होऊ शकतो. सोडियम अझाइड सिंकमध्ये ओतलं, तर तांब्या-शिशाच्या नळांत स्फोटक क्षार साचतात. आणि सॉल्व्हंट फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात) उघडं ठेवून 'उडवून टाकणं' ही विल्हेवाट नव्हे, ते हवेचं प्रदूषण आहे. साठवणीची जागा, लेबलं, गळती झाल्यास काय करणार, याची माहिती अर्जातही द्यावी लागते.

परिपूर्ण अर्जावर मंडळाने १२० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. अधिकारपत्र नमुना २ मध्ये, पाच वर्षांसाठी मिळतं. नाकारलं गेल्यास ३० दिवसांत अपील करता येतं.

अधिकारपत्र हातात आलं की साठवणीची घड्याळं सुरू होतात. कचरा ९० दिवसांपर्यंतच ठेवता येतो. वर्षाला १० टनांपर्यंत कचरा करणाऱ्यांना मंडळ १८० दिवसांपर्यंत मुदत वाढवून देऊ शकतं. बहुतेक लॅब या दुसऱ्या गटात बसतात, पण वाढ मागावी लागते, आपोआप मिळत नाही. रोजची नोंद नमुना ३ मध्ये, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक खेपेला नमुना १० चं मॅनिफेस्ट (खेपेसोबत जाणारं वाहतूकपत्र), आणि वार्षिक विवरण नमुना ४ मध्ये ३० जूनपर्यंत. ते ज्या वहीवरून भरायचं, ती अर्जाच्या वेळी सुरू केलेलीच वही असते.