दोन मेगाबाइटची सीमा आणि रखडलेला कर्नल

दादरच्या स्टुडिओत लग्नाचे फोटो डार्कटेबल या सॉफ्टवेअरवर संपादित करणारा छायाचित्रकार आणि पवईच्या प्रयोगशाळेत भौतिकीची अवजड गणितं चालवणारी विद्यार्थिनी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी लिनक्स 6.7 आल्यावर दोघांचंही काम एकाच कारणाने रखडू शकत होतं. ते कारण कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, मेमरी व्यवस्थापनात होतं आणि त्याची मुळं बरीच मागे जातात.

एक्स86 (इंटेल, एएमडीच्या) प्रोसेसरवर मेमरी साधारणपणे 4 किलोबाइटच्या तुकड्यांत, म्हणजे पेजांत, वाटली जाते. कुठलं पेज कुठे आहे, याच्या ताज्या नोंदी टीएलबी नावाच्या प्रोसेसरमधल्या छोट्या, वेगवान साठ्यात (कॅशमध्ये) असतात. रॅम भराभर वाढली, टीएलबी त्या मानाने वाढला नाही. म्हणून 2011 मध्ये 2.6.38 या आवृत्तीत आन्द्रेआ आर्कान्जेली यांचं ‘ट्रान्सपरंट ह्यूज पेज’ आलं. 2 मेगाबाइटचं एकच पेज, म्हणजे 512 नोंदींच्या जागी एक, आणि प्रोग्रॅममध्ये एका ओळीचाही बदल नको! मात्र हे पेज 2 मेगाबाइटच्या सीमेवरच, म्हणजे 2 मेगाबाइटने पूर्ण भाग जाणाऱ्या पत्त्यावरच, सुरू व्हावं लागतं.

कर्नलवर काम करणारे रिक व्हॅन रील यांनी सुचवलं की प्रोग्रॅमकडून मेमरीची मोठी, किमान 2 मेगाबाइटची, मागणी आली, तर कर्नलनेच तिला त्या सीमेवर जागा द्यावी. हा बदल 6.1 च्या तयारीत घेतला गेला, पण वेग घसरल्याच्या तक्रारी आल्या आणि ती आवृत्ती बाहेर पडण्याआधीच तो काढला गेला. जानेवारी 2024 च्या 6.7 मध्ये तो पुन्हा आला.

या वेळी स्पेक या वेगचाचण्यांच्या संचातला कॅक्टसबीएसएसएन हा भौतिकीच्या गणितांचा बेंचमार्क (वेगचाचणी) काही मशिनांवर 600 टक्क्यांपर्यंत मंदावला. हा प्रोग्रॅम 4,632 किलोबाइटचे पुष्कळ तुकडे मागतो. पूर्वी ते चाळीतल्या खोल्यांसारखे भिंतीला भिंत लागून बसत आणि त्या सलग पट्ट्याला मोठी पेजं मिळत. आता प्रत्येक तुकडा वेगळ्या सीमेवर आणि मध्ये 1,512 किलोबाइट पत्त्यांची पोकळी. पोकळीत रॅम वाया जात नव्हती. खरं नुकसान बहुधा वेगळंच होतं: सगळे तुकडे सारख्याच सीमेवर सुरू झाल्याने टीएलबी आणि कॅशमधल्या त्याच त्या जागांसाठी त्यांची झोंबाझोंबी होई. डार्कटेबल मंदावल्याच्या तक्रारीही बायसेक्ट करत (दोषी बदल सापडेपर्यंत आवृत्त्यांची यादी अर्धी-अर्धी करत) गेल्यावर याच कमिटपाशी, म्हणजे कोडमधल्या याच बदलापाशी, पोचल्या.

कर्नलवरच काम करणारे व्लास्तिमिल बाब्का यांनी केलेली दुरुस्ती मला फार मोलाची वाटते, कारण त्यांनी मूळ कल्पना फेकून दिली नाही. ‘किमान 2 मेगाबाइट’ ही अट बदलून त्यांनी ‘2 मेगाबाइटच्या पूर्ण पटीत’ अशी केली. अडनिड्या मापाचे तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटू लागले. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 6.12 मध्ये ही दुरुस्ती आहे. सर्व्हरवर 6.7 ते 6.11 मधला कर्नल असेल, तर तुमचं लिनक्स पुरवणाऱ्या वितरकाने ती मागाहून घातली आहे का, हे आधी तपासावं.