गोम कानातून मेंदूत जाते? नाही हो!

पाऊस लागला की गोव्यात फोंड्याकडे कुळागराच्या (पोफळी-नारळाच्या बागेच्या) मातीतून या बारीक, पिवळट गोमी वर येतात, न्हाणीत दिसतात, आणि आजी लगेच म्हणणार, बाबा कानात कापूस घालून झोप, कानातून मेंदूत गेली तर माणूस खुळा होतो. लहानपणी मी पण घातलाय कापूस, खोटं कशाला बोलू.

पण कानाची वाट जेमतेम अडीच सेंटीमीटरची, आणि पुढे पडदा, म्हणजे रस्ता बंद. कुठलाही किडा चुकून कानात शिरू शकतो, दुखतं, घाबरायला होतं, पण मेंदूत जायला वाटच नाही. असं झालंच तर पिनने टोकरू नका, सरळ डॉक्टरकडे जा.

बाकी ही मातीतली गोम बिचारी आंधळी असते, डोळेच नसतात, मिशांनी चाचपत गांडुळं नि बारीक किडे शोधते. चावते ती मोठी घोण, ती पण गोमच पण वेगळ्या कुळातली, तिला हात लावू नका. आणि शंभर पाय वगैरे पण थापच आहे, मातीतल्या गोमींना जातीप्रमाणे २७ ते १९१ जोड्या, आणि पूर्ण वाढलेल्या गोमीत जोड्यांचा आकडा विषमच, म्हणजे बरोबर शंभर पाय होणारच नाहीत (५० जोड्या लागतील ना!).

उष्ण प्रदेशातली ऑर्फनीअस नावाची एक जात तर डिवचली की चमकणारा हिरवट चिकट द्रव सोडते. अंधारात कोणी बघितलं तर भूतच म्हणणार.