ख्रिस्ती विषयावर चित्र करून घेताना
ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नागपूर

हे पत्रक चर्चसाठी, कॉन्व्हेंटच्या चॅपलसाठी किंवा घरच्या प्रार्थनेच्या कोपऱ्यासाठी चित्र सांगू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. फादर, पाळकसाहेब, पंच कमिटीचे सभासद आणि आई-वडिलांच्या स्मरणार्थ चित्र अर्पण करणारी कुटुंबे आमच्याकडे येतात. त्यांतले बहुतेक जण पहिला प्रश्न आकाराचा आणि किमतीचा विचारतात. त्याआधी तीन गोष्टी ठरायला हव्यात: चित्र कोणत्या भिंतीवर लागणार, त्यात पवित्र शास्त्रातला नेमका कोणता प्रसंग असणार, आणि ते कोणत्या परंपरेच्या मंडळीसाठी आहे. या तीन गोष्टी कागदावर आल्या की बाकीचे आपोआप सुटत जाते. त्या अर्धवट राहिल्या तर रंग कितीही चांगला लागला तरी चित्र परत उतरवावे लागते.

जागा आणि माप

शक्य असेल तर आम्ही जागा स्वतः पाहतो, तीही उपासनेच्या वेळी. सकाळी सात वाजता पूर्वेच्या खिडकीतून वेदीमागच्या भिंतीवर ऊन येत असेल तर चकाकणारे वॉर्निश तिथे चालत नाही. समोर बसलेल्यांना येशूच्या चेहऱ्याऐवजी खिडकीच दिसते. अशा जागी आम्ही मंद वॉर्निश देतो.

माप ठरवताना शेवटच्या बाकावरच्या माणसाचा विचार करा. आमचा हिशेब असा: दर १० फूट अंतराला चेहरा किमान दीड इंच उंच हवा. शेवटचा बाक ४० फुटांवर असेल तर चेहरा ६ इंचांचा आला. आता प्रभू भोजनाचे, म्हणजे येशूच्या शिष्यांसोबतच्या शेवटच्या जेवणाचे चित्र घ्या. त्यात येशू आणि बारा शिष्य मिळून तेरा जण. खांदे एकमेकांमागे झाकले तरी प्रत्येकाला आठ-नऊ इंच रुंदी लागते, म्हणजे चित्र नऊ फुटांच्या आत बसत नाही. भिंतीवर चारच फूट जागा असेल तर हा प्रसंग सोडून द्या आणि एक ते तीन व्यक्तींचा प्रसंग निवडा: उत्तम मेंढपाळ, गेथशेमाने बागेतली प्रार्थना किंवा अम्माऊस गावातली भाकर मोडणे.

वेदीमागच्या चित्राची खालची कड जमिनीपासून सात फुटांच्या वर ठेवा. वेदीपाशी पायऱ्या असतील तर त्यांची उंची त्यात मिळवा. नाहीतर उभ्या फादरांचे डोके बरोबर चित्राच्या मध्यावर येते.

थेट भिंतीवर रंगवून द्या, असे बरेच जण म्हणतात. आम्ही शक्यतो नको म्हणतो. नव्या प्लास्टरमधला क्षार तेलाशी मिळून त्याचा साबण करतो आणि रंग पापुद्र्याने सुटतो. जुन्या भिंतीत ओल असेल तर लोणा फुटतो आणि आतून रंग ढकलतो. लिओनार्दो दा विंचीने मिलानमध्ये १४९५ ते १४९८ या काळात प्रभू भोजनाचे भित्तिचित्र केले तेव्हा ओल्या प्लास्टरऐवजी कोरड्या भिंतीवर रंग लावला. तो त्याच्या हयातीतच सुटू लागला होता. भिंतीवरच हवे असेल तर प्लास्टरवरून एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या, आणि मग फक्त अ‍ॅक्रिलिकमध्ये करू. उघड्या ग्रोटोसाठी (मरियेच्या गुहेसारख्या देवडीसाठी) कॅनव्हास अजिबात नको. तिथे भाजलेल्या टाइल्स टिकतात.

प्रसंग आणि परंपरा

या भागावर आम्ही सर्वात जास्त वेळ देतो, तुम्हीही द्या. कॅथलिक मंडळींमध्ये क्रूसावर येशूची आकृती असते. अनेक प्रोटेस्टंट मंडळींना रिकामा क्रूस हवा असतो, कारण प्रभू उठला आहे. मागवणारा एक आणि कमिटी दुसऱ्या मताची, असे झाले की काम अडते. म्हणून पहिल्या रेखाटनावर पाळकांची किंवा फादरांची सही घेतल्याशिवाय आम्ही कॅनव्हास ताणत नाही. कॅथलिक चर्चमध्ये एकाच संताची सहसा एकच प्रतिमा ठेवतात. आधीपासून संत अंतोनींचा पुतळा असेल तर त्यांचेच चित्र सांगण्यापूर्वी फादरांना विचारा.

क्रूसाच्या वाटेची (येशूच्या दंडाज्ञेपासून कबरेपर्यंतच्या प्रसंगांची) १४ स्थाने हे आमच्याकडचे सर्वात मोठे काम असते. १४ ही संख्या पोप क्लेमेंट बारावे यांनी १७३१ मध्ये निश्चित केली. तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानी येशू पडतो. या तिन्ही चित्रांत एकच आकृती थोडी वाकवून चालत नाही. पहिल्यांदा एक गुडघा टेकलेला, दुसऱ्यांदा दोन्ही हात जमिनीला, तिसऱ्यांदा क्रूसाखाली पूर्ण आडवा, असा उतरता क्रम आम्ही ठेवतो. क्रूसाची लांबी आणि लाकडाचा रंग, अंगरख्याचा रंग, क्रूस वाहायला मदत करणाऱ्या कुरेनेकर शिमोनाचा चेहरा ज्या ज्या चित्रांत येतो तिथे तोच राहिला पाहिजे. त्यासाठी आधी एक नमुनापत्रक करतो आणि चौदाही चित्रांचा पहिला थर एकदमच लावतो. एकेक चित्र पूर्ण करत गेलो तर पहिल्या आणि चौदाव्या चित्राच्या त्वचेचा रंग जुळत नाही.

काही खुणा लहान दिसतात, पण जाणकार त्याच आधी पाहतात. क्रूसाची खूण असलेले तेजोवलय फक्त ख्रिस्ताला, संतांना साधे. पेत्राच्या हाती किल्ल्या, पौलाकडे तलवार आणि ग्रंथ. चार शुभवर्तमानकारांच्या खुणा अशा: मत्तयासाठी मनुष्य, मार्कासाठी सिंह, लूकासाठी बैल, योहानासाठी गरुड. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले मागी (ज्ञानी) लोक तीनच होते असे मत्तय कुठेही म्हणत नाही. भेटी मात्र तीन आहेत: सोने, ऊद, गंधरस. आणि मागी घरात आले असे लिहिले आहे, तर गव्हाणी लूकाच्या वृत्तांतात आहे. एकाच चित्रात मेंढपाळ आणि मागी दोघेही हवे असतील तर आम्ही काढतो, ती जुनी प्रथा आहे. पण हे दोन वेगळे प्रसंग आहेत, हे तुम्हाला ठाऊक असावे. प्रभू भोजनात भाकर बेखमीर असते, तिथे फुगलेला पाव नको.

चेहरा आणि वेश भारतीय असावा की पाश्चात्त्य, हा तुमचा निर्णय. भारतीय रूप हा काही आजचा प्रयोग नाही. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात काम केलेले अँजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी मरियेला साडीत रंगवले. आम्हाला स्वतःला ही वाट आवडते. उपवासकाळात (ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत) विदर्भात पळस फुलतो. कालवारीच्या, म्हणजे येशूला क्रूसावर दिले त्या टेकडीच्या उतारावर तो असला तर इथल्या माणसाला प्रसंग जवळचा वाटतो. एकच अट: मरिया साडीत आणि शिष्य रोमी झग्यात अशी सरमिसळ करू नका.

अर्पण करणाऱ्यांचे किंवा दिवंगतांचे चेहरे आम्ही शिष्यांना देत नाही. चर्चमध्ये लोक त्या चेहऱ्यापुढे प्रार्थना करतात. स्मरणार्थाची ओळ फ्रेमच्या खाली पितळी पट्टीवर येते.

कॅलेंडरवरचे किंवा फोनवर आलेले चित्र ‘असेच करून द्या’ म्हणून आणले तर ते कोणाचे आहे हे आम्ही विचारू. भारतात चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे कॉपीराइट राहतो. फोन्सेकांची चित्रेही २०२७ अखेरपर्यंत परवानगीशिवाय उतरवता येणार नाहीत.

अक्षरे

वचन लिहायचे असेल तर कोणत्या भाषांतरातले, हे कळण्यासाठी छापील पानाचा फोटो काढून द्या. कोणी येशू लिहितो, कोणी येशु. कोणी मरीया, कोणी मरिया. तुमच्या मंडळीत चालते तेच जाईल. ४० फुटांवरून वाचायला अक्षर ४ इंचांचे लागते, आणि वरच्या मात्रा, वेलांट्या, रफार, खालचे उकार धरून दोन ओळींत ७ इंच अंतर. म्हणून लांब वचन नको. सहा-सात शब्द पुरेत.

साहित्य

चौकट जुन्या, वाळलेल्या सागवानाची. कच्चे लाकूड मे महिन्यात पिळते. कोपऱ्यांत पाचरी असतात. पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडला तर त्या हलक्या हाताने ठोकून ताण परत आणता येतो. सुती कॅनव्हासवर गेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन थर, प्रत्येक थर घासून.

तैलरंगात खालचे थर पातळ आणि वरचे थर जास्त तेलाचे, हा क्रम मोडला की वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि भेगा पडतात. तेल जवसाचेच, पण चटणीवर घेतो ते नव्हे. चित्रासाठी शुद्ध केलेले लागते, नाहीतर ते लवकर पिवळे पडते. मरियेच्या निळ्यासाठी अल्ट्रामरीन, तांबड्यासाठी क्विनाक्रिडोन. जुन्या पद्धतीचा अलिझरीन क्रिम्झन उजेडात उडतो, म्हणून वापरत नाही.

तेजोवलयाला सोन्याचा वर्ख की पितळी, हे आधी सांगा. ९ इंच व्यासाच्या वलयाला ८ सेंटिमीटरची पाने वाया जाणारी धरून नऊ-दहा लागतात, त्यामुळे खरे सोने वाटते तितके आवाक्याबाहेर नाही. पितळी वर्खावर संरक्षक लेप दिला तरी जिथे तो घासला जातो तिथे काळसर हिरवे डाग येतात. बाजारचा सोनेरी रंग आम्ही वलयाला लावत नाही.

वेळ आणि पैसे

चार बाय सहा फुटांचे, तीन व्यक्तींचे तैलचित्र १० ते १२ आठवडे घेते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत थर वाळायला जास्त दिवस लागतात, म्हणून नाताळसाठी जूनअखेर सांगा. चौदा स्थानांना आठ महिने. पुढच्या उपवासकाळासाठी आदल्या जूनमध्येच. अ‍ॅक्रिलिक लवकर होते, पण उष्णतेत त्याचा थर चिकट होतो.

किंमत चौरस फुटांवर आणि चेहऱ्यांच्या संख्येवर ठरते. ४० टक्के रेखाटनाच्या मंजुरीला, ३० टक्के रंगाचा पहिला थर पाहिल्यावर, ३० टक्के ताबा घेताना. पेन्सिलच्या टप्प्यावर हवे तितके बदल सांगा, त्याचे पैसे नाहीत. रंग चढल्यावर हात किंवा मान बदलायची तर खालचा थर खरवडावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे लागतील.

नेताना, लावताना, नंतर

एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत दुपारी चित्र नेऊ नका. बबल रॅप थेट रंगावर गुंडाळला तर फुग्यांचे गोल ठसे उमटतात. आधी बटर पेपर, मग कडांना पुठ्ठा, मग रॅप. चित्र उभेच न्यायचे.

भिंतीत दोन ठिकाणी आधार हवा. एका खिळ्यावर मोठे चित्र तिरके होत राहते. मागे चारही कोपऱ्यांत अर्धा इंच जाडीचे बुचाचे तुकडे लावतो, त्यामुळे हवा खेळते, ओल धरत नाही आणि कसर लागत नाही. पावसाचा झोत घेणारी पश्चिमेची बाहेरची भिंत टाळा. कूलरच्या समोर तर मुळीच नको. नागपूरच्या उन्हाळ्यात दिवसभर ओला वारा आणि कूलर बंद झाला की कोरडी हवा, या रोजच्या ताण-सैल खेळाने कॅनव्हास लवकर थकतो. मेणबत्त्या चित्रापासून चार फूट पुढे ठेवा. काजळी आधी तेजोवलयावर आणि कपाळावर बसते.

शेवटचे वॉर्निश सहा महिन्यांनी लावायचे असते. त्यासाठी आम्ही येतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. तोवर चित्र काचेत बंद करू नका. नंतर वर्षातून दोनदा मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका, वरून खाली. ओले फडके, साबण, कांद्याची फोड किंवा खोबरेल यांतले काहीही लावू नका. नाताळच्या साफसफाईत उत्साहाने पुसलेल्या चित्रांचीच दुरुस्ती सर्वात अवघड असते. रंग सुटताना दिसला तर पडलेले तुकडे पाकिटात जपा, चित्राचा पुढून आणि मागून फोटो काढून पाठवा, आणि आम्ही पाहीपर्यंत ते भिंतीवरून उतरवू नका.