क्रिएटिनिन वाढायच्या आधी किडनीची शीर पाहा

हृदयशस्त्रक्रियेनंतर आयसीयूत लघवी कमी झाली की पहिला हात सलाइनकडे जातो. अंगात पाणी कमी पडलं असेल, हा अंदाज कधी बरोबर असतो, कधी नेमका उलटा. हार्ट-लंग मशीनवरून उतरलेल्या रुग्णाच्या हृदयाची उजवी बाजू बरेचदा दमलेली असते. रक्त पुढे सरकत नाही, मागे शिरांत तुंबतं. किडनीचं आवरण फारसं ताणलं जात नाही, म्हणून आतला दाब चढतो. धमनीतला सरासरी दाब ६५ आणि शिरेतला १८ असेल, तर किडनीतून रक्त ढकलायला उरतात जेमतेम ४७. अशा वेळी दिलेलं सलाइन शिरेतला आकडा वाढवतं.

क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, हे उशिरा सांगतं. ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर वाढ झाली की किडनीला इजा धरली जाते. पण शस्त्रक्रियेत दिलेल्या द्रवांनी रक्त पातळ झालेलं असतं आणि ही वाढ झाकली जाते.

सोनोग्राफी मात्र खाटेपाशीच होते. पोटासाठीचा प्रोब कुशीवर ठेवायचा, कलर डॉपलरची (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणाऱ्या तंत्राची) वेगमर्यादा कमी करायची (नाहीतर किडनीतला संथ प्रवाह दिसतच नाही) आणि किडनीतल्या पिरॅमिड नावाच्या तिकोनी भागांच्या मधल्या रक्तवाहिन्यांवर पल्स डॉपलर (एका जागेचा वेग आलेखात दाखवणारा) लावायचा. एकाच चित्रात रेषेच्या वर धमनी आणि खाली शीर उमटते. शिरेचा पट्टा सलग असेल तर ठीक. तो तुटून दोन उंचवटे झाले, तर रक्त तुंबायला लागलंय. हृदय सैल पडतानाचा एकच उंचवटा उरला, तर प्रकरण गंभीर. कुठला उंचवटा कुठला हे कळायला ईसीजीची तार जोडलेली हवीच.

धमनीवरून रेझिस्टिव्ह इंडेक्स, म्हणजे रक्ताला होणाऱ्या अडथळ्याचा अंदाज, निघतो: सर्वाधिक वेगातून ठोक्याच्या शेवटचा वेग वजा करून उत्तराला सर्वाधिक वेगानेच भागायचं. ५० आणि १२ असतील तर ०.७६. साधारण ०.७ च्या वर शंका घ्यावी. पण वयस्कर, कडक धमन्यांच्या रुग्णात तो आधीपासूनच जास्त असतो, त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीचं माप हाताशी नसेल तर एकट्या आकड्यावर आमचा फारसा भरवसा नाही.

म्हणून किडनीच्या जोडीला यकृताची शीर, पोर्टल शीर (आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणारी) आणि इन्फिरिअर व्हेना कावा (शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त आणणारी मोठी शीर) पाहतात. व्हेक्सस नावाची ही श्रेणी २०२० मध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या १४५ रुग्णांच्या नोंदींवरून मांडली गेली. व्हेना कावा २ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद आणि किमान दोन शिरांत गंभीर बिघाड, ही सर्वांत वरची पायरी. ती दिसली तर किडनीला धोका आहे असं समजून चालावं. नाही दिसली म्हणून निर्धास्त राहू नये, कारण किडनीला इजा होणाऱ्या बऱ्याच रुग्णांत ती दिसतच नाही.

फसायच्या जागाही आहेत. ट्रायकस्पिड झडप (हृदयाच्या उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) गळत असेल तर यकृताच्या शिरेचं चित्र बिघडतं. सडपातळ, निरोगी माणसाची पोर्टल शीरही कधीकधी उसळते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे ठोके अनियमित पडतात तेव्हा) दोनचार ठोक्यांवरून निष्कर्ष काढू नये.

तुंबलेलं दिसलं तर सलाइन थांबवून लघवी वाढवणारं औषध आणि उजव्या हृदयाला आधार यांचा विचार होतो. काही तासांनी प्रोब पुन्हा त्याच जागी ठेवायचा आणि ते दोन उंचवटे एकमेकांत मिसळायला लागलेत का ते बघायचं.