म्युझिक व्हिडिओ : हेतू आणि शैली

आधीच ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्यासाठी, साधारण त्या गाण्याच्याच लांबीची केलेली स्वतंत्र दृश्यफीत म्हणजे म्युझिक व्हिडिओ. भारतीय चित्रपटगीतही आधी ध्वनिमुद्रित होते आणि मग चित्रित होते. पण ते पात्रांच्या तोंडी येते, कथेच्या ओघात बसावे लागते. म्युझिक व्हिडिओवर कथेचा हक्क नसतो. त्याला तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात : गाणे, गायक आणि ज्या पडद्यावर तो दिसणार तो पडदा. यातल्या तिसऱ्या गोष्टीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, पण शैली का बदलत गेल्या याचे उत्तर बऱ्याचदा तिच्यातच सापडते.

सर्वांत जुना हेतू कमाईचा. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या बारमध्ये आणि उपाहारगृहांत ‘पॅनोरॅम’ नावाची यंत्रे असत. दहा सेंटचे नाणे टाकले की सुमारे तीन मिनिटांची गाण्याची फिल्म पडद्यावर दिसे. या फिल्मना ‘साउंडी’ म्हणत. एका रिळावर आठ फिल्म एकापुढे एक जोडलेल्या असल्यामुळे हवे ते गाणे निवडता येत नसे. पुढची येईल ती पाहायची. १९६०च्या सुमारास फ्रान्समध्ये ‘स्कोपिटोन’ हे यंत्र आले आणि त्यात निवडीची सोय झाली. या दोन्ही यंत्रांत प्रेक्षक फिल्मसाठीच पैसे मोजत होता. पुढे व्यवहार उलटला. रेकॉर्ड कंपन्या फिल्म फुकट देऊ लागल्या आणि पैसे तबकडी विकून मिळवू लागल्या. आज ज्याला म्युझिक व्हिडिओ म्हणतात तो या उलट्या व्यवहारातून आलेला आहे. मुळात ती जाहिरात आहे, फक्त जाहिरातीतला माल त्याच वेळी ऐकूही येत असतो.

दुसरा हेतू गैरहजेरी भरून काढण्याचा. १९६६ साली बीटल्सना प्रत्येक देशातल्या दूरचित्रवाणी केंद्रावर जाणे अशक्य झाले होते, तेव्हा त्यांनी ‘पेपरबॅक रायटर’ आणि ‘रेन’ या गाण्यांच्या फिल्म करून पाठवल्या. १९७५ मध्ये क्वीन या गटाने ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’साठी हाच मार्ग धरला. त्या गाण्याच्या मधल्या भागात आवाजांचे इतके थर एकावर एक चढवलेले होते की स्टुडिओत उभे राहून ते गाण्याचा नुसता आव आणणेही हास्यास्पद ठरले असते. ब्रूस गोवर्स यांनी काही तासांत चित्रित केलेली ती फीत बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात आठवड्यांमागून आठवडे दाखवली गेली, आणि गाणे खपवायचे तर फीत हवी हे कंपन्यांना पटले.

१ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली. तिच्यावर पहिला व्हिडिओ लागला तो बगल्स या ब्रिटिश गटाचा, ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’. तो १९७९ सालचा होता. दिवसभर गाणी दाखवणाऱ्या वाहिनीला पुरेल एवढा माल तेव्हा अमेरिकेत नव्हता. ब्रिटिश गटांकडे होता, म्हणून सुरुवातीची चलती त्यांची झाली. कृष्णवर्णीय कलाकारांना मात्र ही वाहिनी जवळजवळ दाखवतच नव्हती. डेव्हिड बोवी यांनी १९८३ मध्ये त्याच वाहिनीवरच्या मुलाखतीत याचा जाब विचारला होता. त्या वर्षी मायकेल जॅक्सन यांच्या ‘बिली जीन’ने ही कोंडी फुटली, आणि वर्षाअखेर ‘थ्रिलर’ आला. जॉन लँडिस दिग्दर्शित ही फीत सुमारे चौदा मिनिटांची, म्हणजे मूळ गाण्याच्या दुपटीहून मोठी. खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी चित्रीकरण कसे झाले यावर वेगळा माहितीपट काढून तो वाहिन्यांना विकला गेला. २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत ‘थ्रिलर’चा समावेश झाला, हा मान मिळवणारा तो पहिला म्युझिक व्हिडिओ.

शैलींचे ढोबळ वर्गीकरण तीन गटांत करतात : गायनदर्शन, कथा आणि कल्पनाचित्र (म्हणजे कल्पक दृश्यक्लृप्तीवर उभी असलेली फीत). प्रत्यक्षात बहुतेक व्हिडिओंत यांची सरमिसळ असते. दोन कडवी गायक गाताना दिसतो, मधल्या संगीताच्या तुकड्यात गोष्ट पुढे सरकते. तरीही हे वर्गीकरण उपयोगी आहे, कारण व्हिडिओचा भार नेमका कशावर टाकला आहे हे त्यातून कळते.

गायनदर्शन ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फसवी शैली. सेटवर ध्वनिमुद्रित गाणे मोठ्याने लावतात आणि गायक त्यावर ओठ हलवतो. यातही करामती आहेत. गाणे दुप्पट वेगाने लावायचे, गायकाने त्याच वेगाने ओठ हलवायचे आणि कॅमेराही दुप्पट वेगाने चालवायचा. मग फीत नेहमीच्या गतीने पाहिली की ओठ शब्दांशी जुळतात, पण केस, कपडे आणि हातवारे पाण्याखाली असल्यासारखे संथ दिसतात. याच्या उलट टोकाला १९९० मधला सिनेड ओ’कॉनर यांचा ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’ आहे. त्यात बहुतांश वेळ फक्त चेहरा दिसतो, आणि शेवटाकडे गालावर ओघळणारे अश्रू. त्याहून कमी सामग्रीत त्याहून जास्त परिणाम साधणारा व्हिडिओ दाखवणे कठीण आहे. १९९५ मधल्या मायकेल आणि जॅनेट जॅक्सन यांच्या ‘स्क्रीम’वर सत्तर लाख डॉलर खर्च झाल्याचे सांगितले जाते, तरी आठवणीत तो चेहराच जास्त राहतो.

कल्पनाचित्रांच्या गटात सचेतपटाने (ॲनिमेशनने) मोठी भर घातली. नॉर्वेच्या ‘आ-हा’ या गटाचे ‘टेक ऑन मी’ आधीच्या रूपात पडले होते. १९८५ मध्ये स्टीव्ह बॅरन यांच्या नव्या व्हिडिओत माणसांच्या चित्रीकरणावरून एकेक चौकट पेन्सिलने रेखाटली गेली. अशा सुमारे ३,००० चौकटी होत्या. गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पुढच्याच वर्षी पीटर गेब्रिएल यांच्या ‘स्लेजहॅमर’साठी गायकाला काचेखाली तासन्‌तास पडून राहावे लागले, त्यांच्या भोवतीची फळे, मासे आणि इतर वस्तू चौकटीगणिक जरा जरा हलवून चित्र घेतले जात होते. १९८७ च्या एमटीव्ही पुरस्कारांत या व्हिडिओने नऊ पुरस्कार मिळवले. एकाच अखंड शॉटमध्ये सगळे बसवण्याची शैलीही याच गटातली. ओके गो या गटाने २००६ मध्ये आठ ट्रेडमिलवर केलेले नृत्य तिचे ठळक उदाहरण. स्टुडिओत वाजवताना-गातानाच ध्वनी आणि चित्र एकत्र टिपणारी ‘सेशन’ शैली वेगळी आहे. २००८ पासूनच्या पाकिस्तानी ‘कोक स्टुडिओ’मुळे ती आपल्याकडे रुळली. तिच्यात ओठ हलवण्याचा आव नसतो आणि वादकही दिसतात, हा मोठा फरक.

भारतात या प्रकाराने एक निराळे काम केले. इथे लोकप्रिय गायन म्हणजे पार्श्वगायन. आवाज एकाचा, पडद्यावरचा चेहरा दुसऱ्याचा. रेडिओवर नाव ऐकलेला गायक दिसतो कसा हे श्रोत्याला पुष्कळदा ठाऊकच नसे. म्युझिक व्हिडिओने गायकाला चेहरा दिला. अलिशा चिनॉय यांचा आवाज १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’त श्रीदेवींच्या तोंडी घराघरांत पोहोचला होता, पण लोकांनी त्यांना ओळखले ते १९९५ च्या ‘मेड इन इंडिया’मुळे. बिड्डू यांचे संगीत, केन घोष यांचे दिग्दर्शन आणि लाकडी पेटीतून बाहेर येणारे मिलिंद सोमण, असा तो थाट होता. चॅनेल व्ही आणि एमटीव्ही या वाहिन्या त्याच सुमारास भारतीय गाण्यांच्या शोधात होत्या, त्यामुळे ‘इंडिपॉप’ची, म्हणजे चित्रपटाबाहेरच्या भारतीय पॉप गाण्यांची लाट उभी राहिली. फाल्गुनी पाठक यांच्या व्हिडिओंत कोवळ्या प्रेमाची गोष्ट चाले आणि त्या स्वतः बाजूला उभ्या राहून सूत्रधारासारख्या गात. दलेर मेहंदींचे व्हिडिओ सुंदर नर्तिकांमुळे चालतात अशी टीका होत होती. १९९८ च्या ‘तुनक तुनक तुन’मध्ये त्यांनी नर्तिकाच काढून टाकल्या, एकरंगी पडद्यापुढे चित्रण करून चार दलेर मेहंदी एकत्र नाचवले. टीकेला दिलेले इतके चोख उत्तर क्वचितच सापडेल.

पण हा चेहरा टिकला नाही. रिमिक्सच्या, म्हणजे जुनी गाणी नव्या ठेक्यावर पुन्हा काढण्याच्या काळात तो पुन्हा मॉडेलकडे गेला. २००२ च्या ‘कांटा लगा’चे मूळ गाणे १९७२ च्या ‘समाधी’ चित्रपटातले, लता मंगेशकर यांनी गायलेले. रिमिक्समुळे रातोरात प्रसिद्धी मिळाली ती शेफाली जरीवाला यांना. नवा आवाज कोणाचा, हे फार थोड्यांनी विचारले. अश्लीलतेवर तेव्हा बराच गदारोळ झाला, गायिका अदृश्य झाल्याबद्दल जवळपास कोणीच बोलले नाही.

काहीच विकायचे नसलेले व्हिडिओही आहेत. १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर आलेले ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ हे त्यातले सर्वांत परिचित. पीयूष पांडे यांचे शब्द, अशोक पत्की आणि लुई बँक्स यांचे संगीतकार्य आणि सुरुवातीला पंडित भीमसेन जोशी. राष्ट्रीय एकात्मता हा सरकारी विषय इतक्या सुरेलपणे क्वचितच मांडला गेला. २००० साली ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेच्या ‘मन के मंजीरे’त शुभा मुद्गल यांच्या आवाजावर मीता वसिष्ठ यांनी अत्याचारी घर सोडून ट्रक चालवणारी बाई उभी केली. २०१५ मध्ये सोफिया अशरफ यांच्या रॅप व्हिडिओने कोडाईकनालमधल्या थर्मामीटर कारखान्याच्या पारा-प्रदूषणाचा प्रश्न जगभर नेला. कामगारांचा लढा त्याआधी अनेक वर्षे चालू होता. पुढच्या वर्षी कंपनीने ५९१ माजी कामगारांशी समझोता केला. श्रेय लढ्याचे, पण व्हिडिओने कंपनीची पंचाईत केली हे खरे.

मराठीत सॅटेलाइट वाहिन्यांइतकाच, किंबहुना जास्त, वाटा व्हीसीडीचा, म्हणजे व्हिडिओच्या स्वस्त तबकडीचा आहे. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांच्या ‘गारवा’ने शहरी श्रोता मिळवला, पण गावोगावच्या जत्रेत आणि एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांवर विकली जात ती कोळीगीतांची, देवीच्या गाण्यांची आणि लग्नगीतांची व्हीसीडी. तिची शैली ठरून गेलेली : समुद्रकिनारा, नांगरलेली होडी, रंगीत लुगड्यांतल्या नर्तिकांची रांग आणि मध्ये नायक-नायिका. समीक्षकांनी या फितींकडे ढुंकून पाहिले नाही. हळदीच्या रात्री कसे नाचायचे, हे मात्र कित्येकांनी त्यांच्यावरूनच ठरवले.

२००५ मध्ये यूट्यूब आले आणि वाहिनीच्या दारात ताटकळण्याची गरज संपली. दक्षिण कोरियाच्या साय यांचा ‘गंगनम स्टाइल’ डिसेंबर २०१२ मध्ये तिथे शंभर कोटी वेळा पाहिला गेलेला पहिला व्हिडिओ ठरला. मुंबईत कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ मध्ये ‘आफत’ हा व्हिडिओ आयपॅडवर चित्रित केला. पुढच्या वर्षी डिव्हाइन या दुसऱ्या रॅपरबरोबरच्या ‘मेरे गली में’मध्ये वस्तीच सेट झाली. ही काटकसर होती, पण तिने गल्लीला अभिमानाने कॅमेऱ्यासमोर आणले. मोबाइलच्या उभ्या पडद्याने पुढचा बदल घडवला. आता पूर्ण व्हिडिओपेक्षा त्यातली पंधरा-वीस सेकंदांची सोपी, कोणालाही जमेल अशी नृत्याची लकब महत्त्वाची असते. संजू राठोड यांचे २०२४ मधले ‘गुलाबी साडी’ मराठी न समजणाऱ्यांपर्यंत गेले ते या मार्गाने. लाखो लोकांनी स्वतःच्या रील करून त्याचे आपापले व्हिडिओ बनवले.

शैली आता विक्रीपासून सुटून घरगुती समारंभातही आली आहे. लग्नाआधीच्या ‘प्री-वेडिंग’ चित्रीकरणात ड्रोन, संथ गती, किल्ल्याची तटबंदी किंवा कोकणातला किनारा आणि उसन्या गाण्यावर हलणारे ओठ असा सगळा सरंजाम असतो. छायाचित्रकारांच्या दरपत्रकात त्याची स्वतंत्र ओळ असते, आणि तयार फीत लग्नाच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर, जेवणावळी चालू असताना दाखवली जाते.