सुगम्य अभ्याससाहित्य : सोलापूरच्या संदर्भातील पार्श्वभूमी

१ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले आणि तोवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी जोडलेली सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये एका जिल्ह्यापुरत्या या नव्या विद्यापीठाकडे आली. २०१९ पासून त्याचे नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असे आहे. स्थापनेच्या वेळी देशात अपंग व्यक्तींसाठीचा १९९५ चा कायदा लागू होता. त्या कायद्याने शासकीय आणि अनुदानित शिक्षणसंस्थांत किमान ३ टक्के जागा राखून ठेवल्या, अंध व अंशतः अंध विद्यार्थ्यांना लेखनिक मिळवून देण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली, पण पुस्तके पुरवण्याची तरतूद शाळेत जाणाऱ्या मुलांपुरती ठेवली. अक्कलकोटहून किंवा सांगोल्याहून बी.ए.साठी शहरात आलेल्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला त्यामुळे प्रवेशाचा आधार होता आणि परीक्षेत लेखनिकाचाही होता. मधल्या वर्षभरात त्याने वाचायचे काय, याबद्दल कायदा जवळजवळ गप्प होता.

भारतीय भाषांसाठीची भारती ब्रेल १९५१ मध्ये प्रमाणित झाली होती, त्यामुळे मराठी ब्रेलमध्ये लिहिता-वाचता येत होते. परंतु छापील पुस्तक ब्रेलमध्ये उतरवले की त्याचे अनेक जाडजूड खंड होतात, आणि दर काही वर्षांनी बदलणाऱ्या अभ्यासक्रमातील एकेका ऐच्छिक विषयासाठी, दोन-तीन विद्यार्थ्यांकरिता, असे खंड काढणे परवडत नाही. म्हणून पदवीच्या विद्यार्थ्यांचा खरा आधार मोठ्याने वाचून दाखवणारे भावंड किंवा वर्गमित्र, आणि त्यांच्या आवाजात भरलेल्या कॅसेट हाच राहिला. यात मिळालेली मदत मनापासूनची असे, तरीही अभ्यास किती वाजता करायचा आणि कोणता परिच्छेद पुन्हा वाचायचा हे विद्यार्थ्याच्या हातात नसे.

संगणक आल्यावर हे अवलंबित्व संपायला हवे होते. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी स्क्रीन रीडर प्रणाली इंग्रजीत १९९० च्या दशकात रुळली होती, आणि २००६ मध्ये सुरू झालेल्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमुळे ती विनामूल्य मिळू लागली. मराठी विद्यार्थ्यांपर्यंत तिचा लाभ उशिरा पोहोचला. यामागचे कारण अपंगत्वाशी जोडलेले नसून आपल्या टंकलेखनाच्या सवयीशी जोडलेले आहे, आणि या विषयाच्या चर्चेत त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असे मला वाटते.

जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणात देवनागरी १९९१ पासून आहे. मात्र मराठी डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईसाठी पाने जुळवण्याचे, काम श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टवर उभे राहिले होते. अशा फॉन्टमध्ये संगणकाच्या स्मृतीत रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवली जातात. फॉन्ट त्यांच्या जागी फक्त देवनागरीचे आकार दाखवतो. डोळ्यांना ‘महाराष्ट्र’ दिसते आणि स्क्रीन रीडर मात्र अर्थहीन रोमन अक्षरांची रांग उच्चारतो. पाने मांडण्यासाठी पेजमेकरसारखी त्या काळी सर्रास वापरली जाणारी प्रणाली युनिकोड देवनागरी हाताळत नव्हती, त्यामुळे छापखान्यांना बदल करणे सोपे नव्हते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. पण त्याचा परिणाम असा झाला की मराठी पुस्तके, प्रश्नसंच आणि नोट्स संगणकावरच तयार होत असूनही दृष्टिहीनांना वाचायला मिळत नव्हत्या. त्यांची छापील प्रत झेरॉक्स होऊन पुन्हा स्कॅन झाली की उरते ते केवळ चित्र. चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या ओसीआर प्रणाली गेल्या काही वर्षांत मराठीसाठीही बऱ्याच सुधारल्या आहेत, परंतु पुसट झेरॉक्सवरची जोडाक्षरे, मात्रा आणि रफार त्यांना अजूनही चकवतात, आणि डोळस व्यक्तीने तपासल्याशिवाय तो मजकूर परीक्षेच्या अभ्यासासाठी भरवशाचा ठरत नाही.

दुसरा अडसर स्वामित्व हक्काचा होता. प्रकाशकाच्या परवानगीविना संपूर्ण पुस्तक स्कॅन करून वाचनयोग्य फाइल बनवणे २०१२ पर्यंत कायद्यात बसत नव्हते. त्या वर्षीच्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींच्या वैयक्तिक वापरासाठी, शिक्षणासाठी आणि संशोधनासाठी असे रूपांतर करण्यास मोकळीक दिली. पुढे छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांना पुस्तके वाचनयोग्य रूपात मिळावीत यासाठी २०१३ मध्ये संमत झालेल्या माराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. एका महाविद्यालयाने केलेली फाइल दुसऱ्याला वापरता येण्याची वाट यामुळे खुली झाली.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला. अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, उच्च शिक्षणातील राखीव जागा किमान ५ टक्के झाल्या आणि छापील, ध्वनी व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य, म्हणजे अपंग व्यक्तींनाही वापरता येण्याजोगा, असावा यासाठी पावले उचलणे शासनाचे कर्तव्य ठरले. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांना राखीव जागांची अंमलबजावणी करण्याचे बजावले. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे अध्यापन एकाएकी मोबाइलवर आले, तेव्हा हस्तलिखित नोट्सचे फोटो दृष्टिहीनांसाठी आणि बोलणे पडद्यावर लिहून न दाखवणारी व्याख्याने कर्णबधिरांसाठी किती निरुपयोगी ठरतात हे उघड झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे म्हटले.

सोलापुरात या साऱ्याला भाषेचा एक पदर आहे. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या या शहरात विद्यार्थ्याच्या हाती वेगवेगळ्या लिप्यांतला मजकूर येतो. कोणता भाग कोणत्या भाषेत आहे याची नोंद फाइलमध्ये असेल, तर स्क्रीन रीडर योग्य आवाज निवडू शकतो. ती नसेल तर युनिकोडमध्ये टंकलेला मजकूरही भलत्याच उच्चारांत ऐकावा लागण्याची शक्यता असते. ही नोंद नंतर कोणीतरी शोधून भरण्यापेक्षा प्राध्यापकांनी किंवा टंकलेखकाने मूळ फाइल करतानाच, शीर्षके शीर्षक म्हणून नोंदवताना आणि आकृत्यांखाली वर्णन लिहिताना, काही मिनिटांत करता येते. जुन्या फॉन्टमधील नोट्स आणि प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये बदलणारी साधनेही विनामूल्य मिळतात, त्यामुळे महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना हे काम मागील काही वर्षांच्या प्रश्नपत्रिकांपासून लगेच हाती घेता येईल.